हिरव्या जर्सीतले दयानंदअण्णा

दयानंदअण्णा कबड्डी बघायला बसले की त्यांच्या आसपासच्या खुर्च्या सगळ्यात आधी भरायच्या. खेळ काय, कुठूनही दिसतो. पण अण्णांचं बोलणं ऐकायचं तर जवळच बसावं लागतं, असं तिथली माणसं म्हणत. मी त्यांच्याबरोबर एकदाच गेले होते, आणि खेळापेक्षा त्यांच्याकडेच जास्त बघत बसले.

अण्णा आमच्या खालच्या मजल्यावर राहतात. माझे यजमान सरकारी संशोधन केंद्रातून निवृत्त झाले तेव्हा आम्ही के. आर. पुरमच्या या इमारतीत आलो, तेव्हापासूनची ओळख. अण्णा मूळचे संकेश्वरकडचे. विशीत बेंगळूरूला आले आणि इथलेच झाले. घरात मराठी, दाराबाहेर कन्नड, आणि जीभ दोन्हीकडे सारखीच तिखट. त्यांची बायको शिवलीला मात्र मोजकं बोलणारी. मुलगी भाग्यलक्ष्मी बेळगावला नर्सिंग शिकते.

अण्णांचा संघ म्हणजे ‘कावेरी वीर’. लाल जर्सी. लीग सुरू झाल्यापासून हा संघ एकदाही अंतिम फेरीत गेला नव्हता, आणि अण्णांनी त्याचा एकही घरचा सामना चुकवला नव्हता. शिवाजीनगरात ट्रॉफी आणि पदकांचं छोटं दुकान असलेले मल्लाप्पा हे त्यांचे जोडीदार. मल्लाप्पा कधी विनोद करायचे नाहीत, मोठ्यानं हसायचेही नाहीत. नुसते खांदे हलायचे. अण्णा बोलायचे आणि मल्लाप्पांचे खांदे हलायचे, अशी ती जोडी.

खेळाडूंच्या खेळावर अण्णांचा फार जीव, पण त्यांच्या नाटकांवर त्याहून जास्त. दिवे मालवून, धूर सोडून खेळाडू एकेक करून बाहेर येऊ लागले की अण्णा म्हणायचे, “आले बघा बिचारे. ओल्या लाकडावर अंघोळीचं पाणी तापवून आल्यात.” एक चढाईपटू प्रत्येक चढाईआधी मांडी थोपटायचा आणि हात हलवत परत यायचा. त्याच्यावर अण्णांचा शेरा होता, “मांडी लाल झाली, फलक कोराच.” कुणी एक गुण मिळवून आभाळाकडे बोट दाखवलं की म्हणायचे, “वरचा म्हणत असंल, एवढ्यासाठी कशाला उठवलंस बाबा.” कावेरीचा एक कोपरारक्षक पकड केली की मिशीला पीळ द्यायचा, पंचांना पीळ दाखवायचा, मग कॅमेऱ्याला दाखवायचा, आणि तेवढ्यात पुढची चढाई त्याच्या अंगावर आलेली असायची. अण्णांनी त्याचं नाव ठेवलं होतं ‘मिशीरक्षक’. हे सगळं ते कन्नडमध्ये बोलायचे, मध्येच रंगात आले की मराठीत घसरायचे, आणि मराठी न कळणारेही हसायचे.

महाराष्ट्राचा संघ ‘सह्याद्री शिलेदार’, हिरव्या जर्सीवाला. अण्णांचा मेहुणा कोल्हापूरहून फोन करून टोमणे मारायचा, मराठी असून त्या लोकांसाठी घसा कोरडा करतोस म्हणून. अण्णा म्हणायचे, “माझं रेशनकार्ड बेंगळूरूचं, तवा माझी शिट्टी पण बेंगळूरूची.”

मग अण्णांची नोकरी गेली.

महादेवपुऱ्यात साचे बनवणारा एक जुना कारखाना होता, तिथे ते टूलरूममध्ये होते. त्या भागात चहूबाजूंनी आयटी पार्क उभे राहिले होते, आणि कारखान्याची जागा मशिनांपेक्षा महाग झाली होती. मालकांनी जागा विकली आणि कारखाना तामिळनाडूच्या हद्दीत हलवला. तरुण पोरांना बरोबर नेलं. पन्नाशी उलटलेल्यांना हार घालून घरी पाठवलं. अण्णा तो हार स्कूटरच्या हँडलला अडकवून आले. जिन्यात मला म्हणाले, “अक्का, आजपासून मी पण राखीव खेळाडू.” मला हसू आलं आणि लगेच जिवाला लागलं.

पहिले काही महिने त्यांचे विनोद टिकले. ते रोज सकाळी दाढी करून, इस्त्रीचा शर्ट घालून पीण्या, बोम्मसंद्रा अशा औद्योगिक वसाहतींत, जिथे कारखाने असतील तिथे जायचे. सगळीकडे बोलणं आदराचं असायचं. वय विचारायचे, चहा पाजायचे, फोन करतो म्हणायचे. फोन कुणाचाच आला नाही. हळूहळू दाढी एक दिवसाआड झाली, मग शर्टाची इस्त्री गेली. शिवलीला शेजारच्या गल्लीतल्या बायकांच्या साड्यांना फॉल लावून द्यायला लागली. संध्याकाळी टीव्हीवर जुने सामने लागायचे आणि खालून आवाज यायचा तो फक्त समालोचकाचा. अण्णा गप्प बसून बघायचे. माणूस बोलायचा थांबला की घर किती मोठं वाटतं, असं शिवलीला मला एकदा म्हणाली.

नवा हंगाम जवळ आला. त्या वर्षी लीगनं सगळे सामने बेंगळूरूतच ठेवले होते. मल्लाप्पा नेहमीसारखे दोघांची तिकिटं काढायला निघाले, तर अण्णांनी पाठदुखी सांगितली. खरं कारण मल्लाप्पांना कळत होतं. त्यांनी तिकिटाचं मी बघतो म्हटलं, तेव्हा अण्णा चिडले आणि फोन ठेवून दिला.

त्याच आठवड्यात इथल्या मराठी मंडळींच्या ग्रुपवर एक निरोप फिरत आला. कबड्डीच्या सामन्यांना ‘सह्याद्री’चे पाठीराखे म्हणून बसायला मराठी बोलणारी माणसं हवीत, आवाज मोठा असावा, जेवण आणि रोजचं मानधन मिळेल. सामने बेंगळूरूत, त्यामुळे बाहेरच्या संघांचे पाठीराखे कुठून आणायचे, आणि टीव्हीवर रिकाम्या खुर्च्या तर चालत नाहीत. म्हणून भाड्याचे प्रेक्षक. शिवलीलानं तो निरोप अण्णांना दाखवला. त्यांनी तो दोनदा वाचला. मग त्यांनी विचारलं, “हिरवी जर्सी घालावी लागंल न्हाई?” शिवलीला म्हणाली, जर्सीच आहे, कातडं नव्हे. तिनं हे रागानं म्हटलं नव्हतं, पण अण्णा उठून बाहेर गेले आणि दुसऱ्या दिवशी नाव देऊन आले.

हे सगळं जमवणारा पोरगा म्हणजे सुहास. पुण्याचा, तिशीच्या आतला, एका कार्यक्रम करणाऱ्या कंपनीत कामाला, डोळ्यांखाली कायम काळी वर्तुळं. त्यानं सगळ्यांना हिरव्या जर्सी आणि भगवे फेटे वाटले आणि समजावलं, “काका, आपल्याला एनर्जी हवी. कॅमेरा तुमच्याकडे वळला की फुल इमोशन. पण ऑथेंटिक वाटलं पाहिजे हं.” अण्णांनी मान डोलावली.

पहिलाच सामना कावेरी विरुद्ध सह्याद्री. अण्णा हिरव्या स्टँडमध्ये बसले. समोरच्या लाल स्टँडमध्ये त्यांची नेहमीची जागा होती, तिथे मल्लाप्पा होते की नाही ते त्यांनी मान वर करून पाहिलं नाही. पूर्वार्ध त्यांनी कसाबसा काढला. सह्याद्रीचा गुण झाला की टाळ्या, कावेरीचा झाला की हळहळ. डाव्या हातानं जेवल्यासारखं वाटत होतं म्हणे. शेवटच्या चढाईला दोन्ही संघ बरोबरीत. सह्याद्रीचा चढाईपटू आत आला आणि कावेरीच्या मिशीरक्षकानं, मिशी विसरून, त्याचा घोटा असा धरला की सगळे त्याच्यावर कोसळले. कावेरी जिंकली. आणि भगव्या फेट्यातले दयानंदअण्णा खुर्चीवर उभे राहून दोन्ही हात वर करून ओरडले. आजूबाजूच्या सगळ्या भाड्याच्या माणसांनी डोक्याला हात लावलेला आणि मधोमध हा एक नाचतोय, हे टीव्हीवर दिसलं. समालोचक हसत म्हणाला की या काकांना सामना नीट कळलेला दिसत नाही.

सुहासनं त्यांना बाजूला घेतलं. ओरडला नाही. वरून आपल्यालाच विचारतात, आपलीही नोकरी आहे, एवढंच म्हणाला. मराठी बोलणारे पुरेसे मिळत नव्हते म्हणून त्यानं अण्णांना काढलं नाही. अण्णांनी पुन्हा असं होणार नाही असा शब्द दिला.

त्यानंतरचे काही सामने त्यांनी नीट निभावले, कारण ते इतर संघांशी होते. मग कावेरी आणि सह्याद्रीचा परतीचा सामना आला. त्या दिवशी सकाळीच अण्णा पीण्याच्या एका वर्कशॉपमध्ये जाऊन आले होते. या जागेची त्यांना फार आशा होती, कारण तिथला सुपरवायझर त्यांच्या हाताखाली शिकलेला. तो त्यांना पाहून उठून उभा राहिला, खुर्ची दिली, पाया पडला, आणि म्हणाला की अण्णा, तुम्हाला मी काम कसं सांगू, मला जमणार नाही. अण्णा तिथून थेट स्टेडियमवर गेले. जेवणाचं पाकीट उघडलंच नाही.

तो सामना मी आणि शिवलीलानं आमच्या टीव्हीवर पाहिला. शेवटच्या चढाईवर कावेरी एका गुणानं हरली. हिरवा स्टँड नाचायला लागला. आणि पडद्यावर अण्णांचा चेहरा आला, पडदाभर. ते रडत होते. तोंड वेडंवाकडं करून, फेटा एका कानावर आलेला, नाक गळतंय, पुसायचं भान नाही. कॅमेरा हलेना. समालोचकाचा आवाज भरून आला. घरापासून इतक्या लांब राहून आपल्या मातीच्या संघावर असं प्रेम करणारा हा माणूस, हे आनंदाश्रू, असं काहीतरी तो बोलत होता. शिवलीलानं टीव्ही बंद केला. ती म्हणाली, “ह्यांना मी असं कधी बघितलं न्हाई. सासरे गेले तवा पण न्हाई.”

दुसऱ्या दिवशी तो चेहरा सगळ्यांच्या फोनवर होता. ‘रडके काका’. कोल्हापूरच्या मेहुण्यानं अभिमानानं फोन केला. सुहास पेढे घेऊन घरी आला आणि नवा करार मांडला. आता अण्णा गर्दीतले एक नव्हते. ते सह्याद्रीच्या पाठीराख्यांचा चेहरा होते. पुढच्या बाजूची खुर्ची, वाढीव मानधन, आणि प्रत्येक सामन्यात एकदा तरी रडायचं. जिंकलो तर आनंदानं, हरलो तर दुःखानं. काही दिवसांत आमच्या जवळच्या ‘टिन फॅक्टरी’ नावाच्या बसथांब्यावर त्यांचा रडका फोटो लागला, माणसाच्या उंचीपेक्षा मोठा, खाली लिहिलेलं, ‘खेळ नव्हे, भावना’. शिवलीला त्या थांब्यावर उतरायची सोडून एक थांबा पुढे जायला लागली.

एका सकाळी अण्णा गच्चीवर कपडे वाळत घालताना भेटले. हिरव्या जर्सी होत्या. आपणहूनच सांगायला लागले. रडू येण्यासाठी ते आधी आपलं जुनं मशीन आठवायचे; क्रेननं उचलून ट्रकमध्ये ठेवताना ते हवेत कसं गोल फिरलं होतं ते. पहिले तीन-चार सामने त्यावर निघाले. मग मशीन कितीही फिरवलं तरी डोळे कोरडेच. मग वडील आठवले, आई आठवली, लहानपणी मेलेली म्हैस आठवली. सगळं वापरून झालं. आता डोळ्यांखाली डोकेदुखीचा बाम लावतात, त्यानं पाणी येतं पण आग होते. “अक्का,” ते म्हणाले, “माझ्या आईची आठवण मी त्या कॅमेऱ्याला घातली बघा. आता आई आठवली की बाम आठवालाय.”

मी त्यांना हे काम सोडून द्या म्हटलं. त्यांनी मुलीचं शेवटचं वर्ष आहे एवढंच सांगितलं आणि बादली उचलली.

मल्लाप्पांना भेटायला ते शिवाजीनगरला गेले होते, तेही त्यांनीच नंतर सांगितलं. दुकानात नेहमीसारखी पितळी कपांची रांग, आणि मल्लाप्पा गल्ल्यावर. अण्णा काय बोलायचं ते बसमध्ये ठरवून गेले होते. या दोघांची बोली कन्नड, आणि इतकी वर्षं एकमेकांना ‘नीनु’, म्हणजे तू. मल्लाप्पांनी वर पाहिलं, खुर्चीकडे हात केला आणि म्हणाले, “बन्नी, नीवु कूतकोळ्ळी.” या, तुम्ही बसा. मग चहा मागवला, एका गिऱ्हाइकाला मागवतात तसा, आणि काय हवंय असं विचारलं. त्या ‘नीवु’वर अण्णांचं सगळं ठरवलेलं बोलणं संपलं. त्यांनी चहा प्यायला, काही नको म्हणाले आणि उठले. शिवी दिली असती तर बरं झालं असतं, असं मला म्हणाले.

हंगाम शेवटाकडे आला आणि नेमकी उपांत्य फेरी कावेरी विरुद्ध सह्याद्री ठरली. सुहासनं मध्यंतराचा बेत आखला. रडक्या काकांना मॅटवर बोलवायचं, सह्याद्रीचा कप्तान त्यांना सह्या केलेली जर्सी देणार, काकांनी त्याच्या गळ्यात पडून रडायचं आणि माइकवर मराठीत दोन शब्द. अण्णांनी त्याला विनवून पाहिलं की आपलंच गाव समोर बसलेलं असेल, हे तेवढं नको. सुहास म्हणाला, म्हणूनच तर इम्पॅक्ट येईल काका. त्याच्या आवाजात मस्ती नव्हती. त्यालाही हे वरच्यांना करून दाखवायचंच होतं.

मध्यंतराला दिवे मालवले, धूर सोडला, आणि त्या धुरातून दयानंदअण्णा डोळे चोळत बाहेर आले. बाम आणि धूर, दोन्हींमुळे. इतकी वर्षं वरून पाहिलेल्या त्या मॅटवर त्यांचा पाय पहिल्यांदा पडला. चप्पल काढायला लावली होती, आणि मॅट पायांना मऊ लागली म्हणे. लाल स्टँडमधून हुर्यो सुरू झाली. शिट्ट्या, शिव्या, नावं. त्यातल्या कित्येकांना अण्णा आवाजानं ओळखत होते. कप्तान आला, वाकून नमस्कार करून त्यानं जर्सी दिली. कॅमेरा जवळ आला. अण्णांनी डोळे मिटले, तोंड वाकडं केलं. पाणी येईना. बामसुद्धा संपला होता जणू. कप्तान हात पसरून उभा, सुहास कडेला हातांनी खुणा करतोय, आणि लाल स्टँडची हुर्योही विरत चालली.

तेवढ्यात लाल स्टँडमधून एक जाडाभरडा आवाज कन्नडमध्ये ओरडला, “अळप्पा अळु, मीटर ओडता इदे.” रड बाबा रड, मीटर चालू आहे.

सगळा स्टँड फुटला. बेंगळूरूच्या माणसाला रिक्षाच्या मीटरवरचा विनोद समजावून सांगावा लागत नाही. लाल हसले, हिरव्यातले भाड्याचेही हसले, एक पंच तोंड फिरवून उभा राहिला. अण्णांनी डोळे उघडले. आवाज मल्लाप्पांचा होता. ज्या माणसानं आयुष्यात कधी एक विनोद केला नाही, त्याचा.

आणि अण्णा हसले. आधी नुसते ओठ, मग पोट, मग त्यांना आवरेना. माइक हातात होता, त्यामुळे ते हसणं सगळ्या स्टेडियमभर घुमलं. कप्तान गोंधळून मागे सरकला. अण्णा गुडघ्यांवर हात ठेवून, वाकून हसत होते. आमच्या टीव्हीवर पटकन जाहिरात लागली, पण त्याआधीच्या क्षणी शिवलीला माझा हात धरून म्हणाली, “हे हसणं न्हाई.” मलाही ते हसण्यासारखं वाटलं नव्हतं. कुणी पाण्यात पडून वर येताना जसा आवाज काढतो तसा तो होता.

त्यांना मागच्या दारानं बाहेर काढलं. सुहासनं स्वतःच त्यांच्या अंगावरची जर्सी परत घेतली, मान खाली घालून. उत्तरार्ध सुरू झाला होता. अण्णा बनियनवर स्टेडियमबाहेरच्या बसथांब्यावर बसून राहिले, कारण शर्ट आत कपाटात राहिला होता आणि पुन्हा आत सोडेनात. त्या संध्याकाळी कावेरी वीर पहिल्यांदा अंतिम फेरीत गेले. अण्णांनी ते फक्त ऐकलं. भिंतीपलीकडून गर्दीचा आवाज चढला तेव्हा त्यांनी ओळखलं की हा आपला आहे.

अंतिम सामना कावेरी हरली.

नोकरीचं पुढे आणखीच अवघड झालं. आता जिथे जातील तिथे लोक ओळखायचे. एका वर्कशॉपच्या मालकानं सगळ्या कामगारांना बाहेर बोलावून त्यांच्याबरोबर फोटो काढला आणि मग म्हणाला, अहो तुम्ही आता कलाकार माणूस, तुम्हाला लेथवर कसं उभं करायचं. एकानं मुलीच्या वाढदिवसाला येऊन रडून दाखवाल का विचारलं. अण्णांनी त्याला काय उत्तर दिलं ते त्यांनी मला सांगितलं नाही. त्या काळात शिवलीला त्यांना एकटं ठेवत नसे. गच्चीची किल्ली तिनं माझ्याकडून मागून घेतली आणि बरेच दिवस परत दिली नाही. मीही मागितली नाही.

मल्लाप्पा एका रविवारी दुपारी आले. दारात उभे राहिले, आत येईनात. शिवलीलानं मला हाक मारली. मी खाली गेले तेव्हा मल्लाप्पा जमिनीकडे बघत बोलत होते. मला कन्नड कळतं तेवढं मी सांगते. ते म्हणाले की मी विनोद केला नव्हता. मला तुझा राग आला होता. तू तिथे सगळ्यांसमोर मरून जावंस असं वाटलं होतं, म्हणून ओरडलो. आणि तू हसलास. मग मला माझीच भीती वाटली.

ते ‘नीनु’ म्हणाले होते. अण्णांनी ऐकलं की नाही, मला कळलं नाही. ते एवढंच म्हणाले, “चांगला होता पण. तुझा पहिलाच.” मल्लाप्पांचे खांदे हलले. हसून की कशानं, ते बघायला मी थांबले नाही.

शेवटी काम मिळालं ते शिवलीलाला. महादेवपुऱ्यात आयटीतल्या पोरांची एक मोठी मेस आहे, तिथे तिला स्वयंपाकाला घेतलं. कणीक मळायला आणि वाढायला माणूस हवा होता, तिथे अण्णा लागले. ज्या कारखान्यात त्यांची उमेदीची वर्षं गेली, त्याच्याच जागेवर उभ्या राहिलेल्या इमारतीतली पोरं तिथे जेवायला येतात. सुरुवातीला पोरांनी त्यांना ओळखलं, फोटो मागितले. अण्णा चपात्यांचं ताट पुढे करून म्हणायचे, “घ्या, गार व्हालीय.” काही महिन्यांनी पोरं विसरली. दुसरं कुणीतरी रडायला आलं असेल टीव्हीवर. भाग्यलक्ष्मीचं वर्ष पूर्ण झालं, तिला हुबळीत नोकरी लागली. ती फोनवर बाबांना घरी बसा म्हणते. ते बसत नाहीत.

अण्णा परत पहिल्यासारखे झाले, असं मला सांगता आलं असतं तर बरं वाटलं असतं. ते झाले नाहीत. जिन्यात भेटले की बरं आहे ना अक्का विचारतात, उत्तराची वाट बघतात, आणि जातात.

नवा हंगाम आला तेव्हा मल्लाप्पांनी न विचारता दोन तिकिटं काढली. अण्णा मेसवर सुट्टी सांगून गेले. लाल जर्सी घातली नाही, साधा शर्ट. मला रुखरुख होती म्हणून दुसऱ्या दिवशी मी मल्लाप्पांना फोन केला आणि कसं झालं विचारलं. ते म्हणाले, लोकांनी ओळखलं, पण हुर्यो नाही केली. एकानं तर सरकून जागा दिली. मागच्या रांगेतले जुने लोक पुढे वाकून बसले होते, अण्णा आता काहीतरी बोलतील म्हणून. अण्णा सबंध सामना गप्प होते. धूर आला, दिवे आले, मिशीला पीळ देणाऱ्यानं पीळ दिला, आणि लोक आशेनं त्यांच्याकडे बघत राहिले.

एकदाच बोलले, उत्तरार्धात. कावेरीचा एक नवा चढाईपटू गुण घेऊन परत येताना प्रेक्षकांकडे बघून उड्या मारत होता, सगळे टाळ्या वाजवत होते. अण्णा मल्लाप्पांच्या कानाशी वाकले.

“उजवा गुडघा बघ त्याचा,” ते म्हणाले. “लंगडतोय पोरगा. आणि नाचतोय.”